पंधरावी उमेदवार

बहारीनमध्ये आम्हाला मत नाही, आणि असण्याचं काही कारणही नाही. आम्ही इथे पोटासाठी आलेले पाहुणे. भारतात मत आहे, पण ते टाकायला स्वतः जावं लागतं, आणि मतदानासाठी लीव्ह देणारा मॅनेजर मला अजून भेटलेला नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं साठलेली निवडणुकीची सगळी खाज आम्ही आमच्या मराठी मंडळात भागवून घेतो. दर दोन वर्षांनी मंडळाची कमिटी निवडली जाते आणि तेवढे दोन महिने भली भली माणसं एकमेकांच्या घरचा चहा पिणं सोडतात.

मंडळात दोन पॅनेल. आमच्या घरात त्यांना ऑफिसवाले आणि दुकानवाले म्हणतात. ऑफिसवाले बँकांतले, कन्सल्टन्सीतले, इस्त्रीच्या शर्टातले. दुकानवाले म्हणजे व्यापार, ट्रान्सपोर्ट, काँट्रॅक्टिंग. दोघांत फरक काय, असं मला नवीन आलेल्या माणसाने विचारलं की मी सांगतो, ऑफिसवाले गणपतीत श्रीखंड ठेवतात आणि दुकानवाले बासुंदी. याहून मोठा फरक मला इतक्या वर्षांत सापडला नाही. गेल्या खेपेचे दुकानवाल्यांचे खजिनदार या खेपेला ऑफिसवाल्यांचे उपाध्यक्ष होतात आणि दोन्हीकडून शाल-श्रीफळ घेतात. गावाकडच्या आघाड्या बघून हे शिकले की यांना बघून त्या आघाड्या शिकल्या, देव जाणे.

मी मआमीरच्या एका वर्कशॉपमध्ये एसी आणि चिलरच्या दुरुस्तीचा फोरमन आहे. मंडळाशी माझा संबंध गणपतीच्या आरतीपुरता होता. तो वाढला तो बायकोमुळे. लग्नाआधी ती चिपळूणजवळ बालवाडीत शिकवायची. इथे आल्यावर घर आणि मुलगी यांतच तिची वर्षं गेली. मग एकदा माझी आई व्हिडिओ कॉलवर नातीला म्हणाली, "काय गो, जेवलीस काय?" आणि आमची कन्या माझ्याकडे वळून म्हणाली, "What is she saying?" आई हसली. बायको हसली नाही. पुढच्याच महिन्यात तिने मंडळाच्या हॉलमध्ये शनिवारी सकाळी मुलांचा मराठी वर्ग सुरू केला.

वर्ग चांगला चालला. मुलं आधी आयांच्या धाकाने आली आणि मग आपणहून येऊ लागली. जिदहफ्सला राहणारा माझा एक मित्र, रायगडकडचा कोकणी मुसलमान, एका शिपिंग कंपनीत क्लार्क आहे. त्याच्या दोन मुली सगळ्यांच्या आधी हजर असायच्या. त्यातली धाकटी एकदा घरी जाऊन आजीला फोनवर म्हणाली, "आजी, तू मला आठवतेस." ते सांगताना त्याने चष्मा काढून पुसला आणि मी उगाच चिलरच्या कॉम्प्रेसरची गोष्ट काढली. पैसे कोणी मागत नव्हतं, कोणी देत नव्हतं. मंडळाला त्याचा काही त्रास नव्हता, असं आम्हाला वाटत होतं.

मग निवडणूक आली आणि दोन्ही पॅनेलांची आश्वासनं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली. ऑफिसवाल्यांनी लिहिलं होतं, शनिवारी हॉल समारंभांना भाड्याने देऊन मंडळ स्वावलंबी करू. दुकानवाल्यांनी लिहिलं होतं, हॉलचा शनिवारी व्यावसायिक उपयोग करू. शब्द वेगळे, अर्थ एकच. बायको आधी ऑफिसवाल्यांच्या प्रमुखांकडे गेली. ते म्हणाले, "ताई, तुमच्या कार्याबद्दल आम्हाला नितांत आदर आहे." मग दुकानवाल्यांच्या प्रमुखांकडे गेली. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर आपल्या घरच्याच." घरच्या बाईला जे मिळतं तेच तिला मिळालं, म्हणजे चहा.

जिदहफ्सचा मित्र त्या संध्याकाळी आमच्या सनाबिसच्या फ्लॅटवर आला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "खलास. आता भाभीच उभ्या राहतील. अर्जावर सूचक म्हणून माझी सही." मी हसण्यावारी नेलं. बायको आत गेली, ओळखपत्र घेऊन आली आणि म्हणाली, "अर्ज कुठे मिळतो?"

आता इथे मंडळाचा एक नियम सांगायला हवा, कारण सगळी माती त्यातच झाली. कमिटीच्या जागा सात. मतपत्रिकेवर सगळ्या उमेदवारांची नावं असतात आणि प्रत्येकाने बरोबर सात नावांपुढे खूण करायची. एकही कमी किंवा जास्त झाली तर मतपत्रिका बाद. कमिटी पुरी भरावी म्हणून कोणा शहाण्याने तो नियम घातला म्हणे. पॅनेलवाल्यांची त्यात सोय होती. सात जागा, सात माणसं, 'फुल पॅनेल' म्हणून ओरडलं की काम झालं. सात इकडचे, सात तिकडचे आणि पंधरावी आमची बायको. तिला मत द्यायचं म्हणजे उरलेली सहा मतं त्याच चौदांतल्या कोणाला तरी द्यायची. तिला एक मत मिळवून द्यायला तिच्या विरोधकांना सहा द्यायची. दोघांच्या मांडवात तिसऱ्याला पाट नसतोच, पण इथे वर वाढायचं कामही तिसऱ्यानेच करायचं होतं.

तिने घराघरांत फोन केले. "मला एक खूण करा, बाकीच्या सहा तुमच्या मनाने. पण सात करा हं, नाहीतर बाद होईल." मी स्वतः ऐकलंय, प्रत्येक फोनवर ती हे सांगायची. पलीकडून बहुतेकदा एकच उत्तर यायचं. वहिनी, तुमचं काम फार चांगलं आहे, पण तुम्ही निवडून कुठे येणार? मत वाया घालवायचं का?

या वाक्याने माझं डोकं फिरतं. हेच वाक्य मी गावात पारावर ऐकलंय, वर्कशॉपच्या कँटीनमध्ये ऐकलंय, सुट्टीवर गेलो की टपरीवर ऐकतो. आमच्याकडे चांगला उमेदवार म्हणजे पडणारा उमेदवार, हे आधीच ठरलेलं असतं. मग त्याला पाडायला सगळे आपापलं मत देतात आणि संध्याकाळी म्हणतात, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? ज्याला मत दिलंय त्याला पाच वर्षं शिव्या घालायच्या, पण मत मात्र वाया गेलेलं नसतं. वाया जाणं म्हणजे काय, हे एकदा मला कोणीतरी समजावून सांगा. एका ओळखीच्या इंजिनीअरला मी असं फाडफाड बोललोही. तो म्हणाला, "तुम्ही फार भावनिक होता," आणि ऑफिसवाल्यांच्या सात नावांपुढे खुणा केलेलं नमुन्याचं कार्ड माझ्याच हातात देऊन गेला.

मतदान शुक्रवारी सकाळी झालं. मी मतपत्रिका घेऊन पडद्याआड उभा राहिलो. बायकोच्या नावापुढे खूण करायला क्षणही लागला नाही. मग उरलेले सहा. ज्यांनी तिला चहा पाजून वाटेला लावलं त्यांतूनच सहाजण निवडायचे होते. भाषण त्यातल्या त्यात छोटं करणारे दोघे निवडले, आरती पाठ असलेला एक निवडला, आणि मग डोळे झाकून तीन. बाहेर आलो तेव्हा हात धुवावेसे वाटत होते.

वर्कशॉपमधली आमची माणसंही मंडळाची सभासद आहेत. माझ्याच पिकअपमधून मी त्यांना आणलं होतं. त्यातला एक ड्रायव्हर, गुहागरकडचा, मत टाकून उड्या मारतच बाहेर आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, वैनींना दिलंय. फक्त वैनींना! बाकी कोणाला शिवलोसुद्धा नाय."

मी म्हटलं, "अरे, सात करायच्या होत्या."

"म्हायती हाय. पन त्या लोकांना कशाला देऊ? वैनींनी आमच्या पोरांसाठी गावाला पुस्तकं पाठवलीत. त्यांनी काय दिलं?"

मी नुसती त्याच्या पाठीवर थाप मारली. तेवढ्यात वर्गातल्या मुलांच्या तीन-चार आया आल्या. त्यांच्याही चेहऱ्यावर तोच आनंद. "अहो, आम्ही ठरवूनच केलं. खूण एकच, ताईंची. ज्यांनी वर्ग बंद करायचं ठरवलंय त्यांनाच सहा मतं द्यायची म्हणजे काय? आणि एवढ्यासाठी कोण आमचं मत बाद करतंय?" पार्किंगमध्ये उन्हात उभा राहून मी सगळ्यांकडे बघत होतो. ज्यांचं तिच्यावर खरोखर प्रेम होतं, त्यांनीच एकेक करून तिला पाडलं होतं, आणि मला त्यांच्यावर रागही धरता येत नव्हता.

मतमोजणी दुपारी झाली. निवडणूक अधिकारी म्हणून नेमलेले निवृत्त गृहस्थ एकेक मतपत्रिका उलगडत होते. एकच खूण दिसली की वर न बघता "बाद" म्हणायचे आणि डावीकडे ठेवायचे. डावीकडची चळत वाढत गेली. मागून कोणीतरी म्हणालं, "डावं पॅनेल जोरात आहे," आणि दोन्ही पॅनेलं मिळून खो खो हसली. बायको पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसली होती. ती थोडक्याने पडली. डावीकडची निम्मी चळत धरली असती तरी ती निवडून आली असती. जिदहफ्सच्या मित्राने उठून हरकत घेतली. तेव्हा कधी नव्हे ते दोन्ही प्रमुख एका सुरात बोलले, "नियम म्हणजे नियम." सबंध निवडणुकीत त्यांचं उघड एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.

वर्ग बंद झाला. शनिवारी हॉलमध्ये बारशी आणि वाढदिवस सुरू झाले. बायकोने वर्ग आमच्या फ्लॅटमध्ये आणला. पण बिल्डिंगच्या वॉचमनने लिफ्टमधल्या गर्दीची तक्रार केली, मग घरमालकाचा माणूस आला, मग मुलांच्या परीक्षा आल्या. एकेक मूल कमी होत गेलं. जिदहफ्सच्या मुली शेवटपर्यंत आल्या. नंतर मित्राची शनिवारची ड्युटी लागली... खरं म्हणजे ड्युटी काही लागली नव्हती. त्याला मंडळाच्या नावानेच वीट आला होता. त्याने सभासदत्व सोडलं आणि मला म्हणाला, "तुम्ही पण सोडा. इथे दोघांचंच दुकान आहे." मी सोडलं नाही, कारण बायको सोडायला तयार नव्हती.

पुढच्या निवडणुकीआधी दुकानवाले घरी आले. या वेळी मिठाईचा बॉक्स घेऊन. "वहिनी, मागच्या वेळी आमची चूक झाली. आमच्या पॅनेलमध्ये या. वर्ग परत सुरू करू, शब्द देतो." मी स्वयंपाकघरात जाऊन तिला म्हटलं, "यांचा शब्द?" ती कपात चहा ओतत म्हणाली, "बाहेर राहून काय मिळालं? आत गेले तर निदान बोलता तरी येईल." मला संताप आला, तरी चहाचा ट्रे मीच उचलला. दोन वर्षं मी तत्त्वाच्या गप्पा मारत होतो आणि मुलं घरी आयपॅड बघत होती, हे खरंच होतं.

फुल पॅनेल निवडून आलं. बायको सांस्कृतिक सचिव झाली. गणपतीत बासुंदी झाली. वर्गाचं विचारलं की प्रमुख म्हणायचे, "इंशाल्ला, दिवाळीनंतर." दिवाळी झाली. तिला कार्यक्रम होते, निमंत्रणं होती, फेटे बांधलेल्या पाहुण्यांची ने-आण होती. ती रात्री थकून यायची, आणि मला सांगायची, कमिटीत बोलणं चालू आहे. ते कुठे चालू होतं ते मी विचारत नसे.

मार्चमध्ये वार्षिक सभा झाली. बायको स्टेजवर, निळ्या पैठणीत, तिसऱ्या खुर्चीवर. प्रमुखांनी ठराव वाचला. शनिवारचा हॉल एका इव्हेंटवाल्याला वर्षभराच्या कराराने द्यायचा. मराठी वर्गाचा योग्य वेळी विचार करण्यात येईल. ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करावा. विरोधी बाकावरचे ऑफिसवालेही हात वर करून मोकळे झाले. स्टेजवरचे सगळे हात वर गेले, एक सोडून. ती समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होती. शेजारच्या खुर्चीवरच्या बाई तिच्याकडे किंचित झुकल्या, काही बोलल्या असतील. मग तिचाही हात वर गेला.

मी हात गुडघ्यांवर ठेवून बसलो. प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि माइकमध्ये म्हणाले, "सर्वानुमते मंजूर."

परत येताना ती पैठणीचा पदर आवरून गाडीत बसली. ती रडेल, चिडेल, काहीतरी समजावून सांगेल, असं मला वाटत होतं. मी मनात उत्तरंही तयार ठेवली होती, बरीचशी मवाळ. सनाबिसच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तुमचा एकट्याचाच हात खाली होता. सगळे बघत होते. असं करत जाऊ नका हो, मला तिथे बसायचं असतं."