दिसते ते लिहाचं

भंडाऱ्यात बसस्टँडमागे तो लोकांचे अर्ज टाइप करतो. मधल्या वेळात इंटरनेटवरच्या एका खेळातल्या जागांची वर्णनं लिहितो. त्या खेळात चित्रं नाहीत. राक्षसाची गुहासुद्धा वाचूनच दिसते. खेळणारे आता चार-पाचच उरलेत.

“दिसते ते लिहाचं. भेव वाटते का नाही, येणाऱ्याले ठरवू द्याचं,” डोळे चोळत तो म्हणतो.

माझ्या आईच्या तेरवीच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन मी त्याच्याकडे गेलो. ‘दुःखाचा डोंगर कोसळला’ त्याने खोडलं.

“काकू सकाळी कुठी बसत होत्या?”

“दाराजवळ. तांदूळ निवडत.”

त्याने टाइप केलं : दाराजवळ सूप आहे. तांदूळ अर्धेच निवडलेले आहेत.

“छापू का?”

मी माझा मजकुराचा कागद घडी करून खिशात घातला आणि मान डोलावली.