अकरा नंबर आणि वरुणाचं दूध

पहिलीच चिठ्ठी निघाली : ‘कोच साहेब मॅच बघतात का?’

कँटीनमधले शंभरेक लोक हसले. मीही हसलो, कारण समोरच्याच टेबलावर कारखान्याचे जनरल मॅनेजर बसले होते. म्हैसूरच्या मेटगळ्ळीतल्या या कारखान्याच्या फुटबॉल टीमचा मी हेड कोच. सलग चार मॅच हरलो होतो. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, “संडेला फॅन्सना फेस करा. पुढची मॅचही गेली, तर वेगळा विचार करू.” वेगळा विचार म्हणजे वेगळा कोच, एवढं मला कळतं. बोगादीत नुकतंच घर लावलं होतं, मुलगी दहावीत.

तसा मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठेतल्या टीमचा कोच वांगी घ्यायला गेला, तरी भाजीवाली विचारते, काल पेनल्टी त्याला का दिली? पण तिथे उलट ओरडता येतं. म्हैसूरचे लोक नम्रपणे विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत नम्रपणे बघत राहतात. हे फार वाईट.

चिठ्ठ्या वाचत होते आमच्या टीमचे सेक्रेटरी पांडोजीराव. त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या म्हैसूरचं, पूर्वी कापड रंगवायचे. घरात मराठी, पण निम्मी कन्नड.

“अल्ला री कोच,” म्हणजे ‘काय हो कोच’ अशा सुरात ते म्हणाले, “हे विचारतात, गोलकीपरचं लगीन जमेना म्हणून बॉल सुटतात काय?”

“लग्न झालेल्यांच्या हातूनही सुटतात.”

“आयतु, झालं. पुढचं. लायनीवरून तुम्ही मराठीत ओरडता, त्याचा अर्थ काय?”

“सगळ्यांसमोर सांगण्यासारखा नाही.”

“मला गोत्तु आहे, ठाऊक आहे. नकाच सांगू.”

चिठ्ठ्या संपल्या. मी सुटलो म्हणेपर्यंत मागून एक हात वर झाला. निंगेगौडा. म्हैसूरबाहेरच्या वरुणा गावाजवळचे, घरी चार गाई, प्रत्येक मॅचला बाइकवर येणारे. ते कन्नडमध्ये बोलले, मी मराठीत सांगतो.

“सर, मागच्या मॅचला अकरा नंबरला उशिरा का बाहेर काढलं? माझं दूध राहिलं.”

आता थोडं समजावून सांगतो. अकरा नंबर म्हणजे आमचा विंगर, कडेकडेनं सगळ्यात जास्त पळणारा. तासाभरात त्याचे पाय जड होतात. म्हणून साठाव्या मिनिटाला त्याला बाहेर काढून मी ताजा माणूस आत पाठवायचो. यालाच सब्स्टिट्यूशन, म्हणजे खेळाडूची बदली, म्हणतात. कोचिंगच्या कोर्सला तसं शिकवलं होतं, मी डायरीत लिहून ठेवलं होतं, आणि एकदा लिहिलं की मी ब्रह्मदेवाचंही ऐकत नाही. निंगेगौडा घड्याळ वापरत नाहीत. अकरा नंबर बाहेर आला की ते उठायचे, घरी जाऊन धार काढायचे आणि सहाच्या आत डेअरीत दूध घालायचे. मागच्या मॅचला एकाला दुखापत झाली, माझी बदली लांबली, डेअरी बंद झाली.

कँटीन हसून लोटपोट. मीही हसत होतो, आणि मध्येच थांबलो. गोलच्या मागे बसणारा माणूस माझ्या बदलीवर गाई पिळतो, तर माझ्यापासून दहा पावलांवर वही घेऊन बसलेल्या समोरच्या टीमच्या कोचला काय ते कळत नसेल? चारही मॅचमध्ये गोल साठाव्या मिनिटानंतर बसले होते, त्याच बाजूनं. माझा नवा माणूस अंग गरम व्हायच्या आधीच त्यांचा पळणारा गडी त्याच्यावर सोडला जायचा. आणि मी समजत होतो, पोरांचा दम कमी पडतोय. त्यासाठी त्यांना चामुंडी टेकडीच्या पायऱ्या चढायला लावल्या होत्या! मला स्वतःचीच लाज वाटली.

“उत्तर द्या की री,” पांडोजीराव म्हणाले.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. साहेबांना वाटलं, मी दुधाची माफी मागतोय. ते खूश झाले.

पुढची मॅच. साठावं मिनिट आलं. समोरच्या कोचनं आपला गडी तयार करून लायनीवर उभा केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी हाताची घडी घालून बसलो. वाट बघून त्यानं तो आत सोडलाच. अकरा नंबर दर मिनिटाला माझ्याकडे केविलवाणा बघत होता. मागून पांडोजीराव ओरडले, “तास झाला री! पोराला मारता काय?” मी हाताची घडी सोडली नाही. आमची ती बाजू आता ढिली पडणार, या हिशेबानं त्यांचे सगळे लोक पुढे चढले, मागे मैदान मोकळं पडलं, आणि त्या मोकळ्या मैदानातून आमचा दमलेला अकरा नंबर एकटा बॉल घेऊन गेला. एक-शून्य. माझी नोकरी वाचली.

सगळे नाचत असताना निंगेगौडा तोंड पाडून आले. अकरा नंबर बाहेर येईना म्हणून ते बसूनच राहिले होते. दूध बायकोनं घातलं होतं आणि घरी काय वाढून ठेवलं होतं, ते त्यांना माहीत होतं.

“पुढच्या वेळी कितव्या मिनिटाला काढणार, तेवढं आधी सांगा.”

“ते मी माझ्या बायकोलाही सांगणार नाही,” मी म्हणालो, आणि त्यांना एक घड्याळ घेऊन दिलं.

फॅन्सचे प्रश्न मी आता कान देऊन ऐकतो. ज्याला फुटबॉल कळतो तो सल्ला देतो. ज्याला घरी जायची घाई असते तो खरं सांगतो.

त्यानंतरच्या मॅचला निंगेगौडा शेवटपर्यंत बसलेले दिसले. मनगट मोकळंच. घड्याळ कुठे, म्हणून विचारलं.

“घरी ठेवलंय सर. घातलं असतं, तर उठावं लागलं असतं.”