बारा व्होल्टचा डबा

मागच्या वर्षी रेडिओ क्लबच्या सरावात माझं केंद्र नापास झालं. त्याचा दोष मी वर्षभर क्लबच्या सचिवांवर ठेवला. ते निवृत्त इंजिनिअर, मूळचे बडोद्याचे मराठी, सुरतेत नदीपलीकडे अडाजणला राहतात. मी लिंबायतचा. धुळे जिल्ह्यातून सुरतेला आलो, नऊ वर्षं कापडाचे लूम चालवले आणि मग उधन्यात लूमच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी वायरलेसचं, लायसन्स मी चाळिशीनंतर काढलं. परीक्षा इंग्रजीत होती. दुसऱ्या खेपेला पास झालो.

क्लबची एक यादी असते. पावसाळ्यात खाडीचं पाणी वस्तीत शिरलं, वीज गेली, मोबाइल बंद पडले, की त्या यादीतली केंद्रं बॅटरीवर सुरू होतात आणि निरोप पोचवतात. लिंबायतचं केंद्र यादीत नव्हतं. खाडीचं पाणी पहिल्यांदा आमच्याच गल्ल्यांमध्ये येतं, तरी नव्हतं. ते केंद्र मला माझ्या नावावर हवं होतं. अट एकच: एका बॅटरीवर आठ तास चालवायचं आणि दहाच्या दहा निरोप बिनचूक घ्यायचे. निरोप आता तोंडी देत नाहीत. एकीकडे संगणकावर टाइप करायचं, रेडिओ त्याचा आवाज करून पाठवतो, आणि पलीकडच्या संगणकावर त्याची पुन्हा अक्षरं होतात.

मागच्या सरावात माझा लॅपटॉप चार तासांत बॅटरी पिऊन बसला. ते मी मान्य केलं. पण त्या चार तासांतही मला निरोप धड मिळाले नव्हते, कारण रेडिओत एकसारखी खडखड होती. मला बसवलं होतं एका लूमच्या शेडशेजारच्या गच्चीवर, आणि लूमच्या मोटारींचा अडथळा रेडिओत शिरतो. ती खडखड मी नऊ वर्षं कानांत घेऊन झोपलेलो आहे, ती मला कोणी शिकवायला नको. सचिवांनी मला मुद्दाम तिथे बसवलं, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो, आणि आवाज चढवून म्हणालो. ते काही बोलले नाहीत. माझ्या नावापुढे फुली मारली.

यंदा कमी वीज खाणारा संगणक घ्यायचा ठरवलं. पर्वत पाटियाजवळ जुने संगणक विकणारा एक गुजराती दुकानदार आहे. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, पण धंद्यात पक्का. स्कूटरच्या पायदानावर बॅटरी ठेवून आणि खिशात अँपिअर मोजायचं मीटर घेऊन मी त्याच्याकडे गेलो.

“काका, कॉम्प्युटर लेवा आव्या छो के ऑपरेशन करवा?”

“तू वायर धर. बोलू नको.”

गणित सोपं होतं. बॅटरी वीस अँपिअर-तासांची. रेडिओ नुसता ऐकत असला तरी एक अँपिअर घेतो, बोलताना कितीतरी जास्त. उरलेल्यात संगणक भागवायचा. दुकानदाराने पुढे केलेला छोटा लॅपटॉप दीड अँपिअर घेत होता. कुठल्याशा दुकानाच्या बिलाच्या काउंटरवरून आलेला एक करडा, जाड डबा होता. तो स्क्रीनसकट एका अँपिअरच्या थोडा खाली होता. तिसरा तळहाताएवढा, नुसती सर्किटची हिरवी पाटी आणि वर प्लास्टिकचं झाकण. त्याने स्क्रीन धरून अर्धा अँपिअर घेतला.

“आ तो फाइल खोलतां सुधी चाय आवी जशे,” दुकानदार म्हणाला. खरंच तो संथ होता. पण मला सिनेमा बघायचा नव्हता.

भाव करायला पाऊण तास गेला. त्याने मला कंजूस म्हटलं, मी त्याच्या बापाच्या वेळचे भाव काढले, मध्ये एकदा मी बॅटरी उचलून दारापर्यंत गेलोही. शेवटी आकडा ठरला आणि माझ्या सवयीप्रमाणे मी विचारलं, “आणि वर काय?” वर काही घेतल्याशिवाय मी सौदा कधी पुरा करत नाही. हिरव्या पाटीला पाच व्होल्ट लागतात, बॅटरी बाराची. मधे लागणारा कन्व्हर्टर त्याने खोक्यातून काढून फुकट दिला.

घरी सगळं मांडलं. बायकोने दारातूनच विचारलं, “पयलेच एक टेबल भरेल शे, आते हाई आखो काय लई उनात?” ‘आणखी काय आणलंत’ हे पुन्हा ऐकायच्या आत मी कानांवर हेडफोन चढवला. आणि तीच खडखड ऐकू आली. शेडचीच लय.

आमच्या गल्लीच्या टोकाला लूम आहेत, म्हणून आधी त्यांच्यावर चिडलो. खाली उतरून बघून आलो. कारागीर पाळी बदलत होते, लूम थांबलेले. वर येऊन पुन्हा हेडफोन लावला, तर खडखड तशीच. मग एकेक वायर काढत गेलो. कन्व्हर्टर काढला आणि रेडिओ एकदम साफ झाला. लांबून कोणी मोर्सवर बोलत होतं तेही ऐकू आलं. कन्व्हर्टर लावला की लूम सुरू, काढला की बंद. दहा वेळा केलं असेल.

मागच्या वर्षी बॅटरी आणि लॅपटॉपच्या मधे एक इन्व्हर्टर होता. तोही बॅटरीवाल्याकडून वर म्हणूनच घेतलेला. माळ्यावरून काढून लावला. तोसुद्धा तसाच वाजला, फक्त जास्त जाड. आणि मग आठवलं की त्या सरावाच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून गेलो होतो. दुकान मी शेडना सुट्टी असेल तेव्हाच बंद ठेवतो. ज्या शेडवर मी वर्षभर खापर फोडलं, तिला त्या दिवशी कुलूप होतं. नऊ वर्षं लूम चालवलेल्या माणसाने हेडफोनमध्ये खडखड ऐकली आणि तो काढून पुढचं काही तपासलं नाही.

दुसऱ्या दिवशी हिरवी पाटी घेऊन परत गेलो. करड्या डब्याला बारा व्होल्ट थेट चालत होते, मधे काही नको. वीज जवळपास दुप्पट खात होता, पण कागदावर हिशेब बसत होता. जेमतेम. दुकानात बॅटरीवर डबा लावून शेजारी रेडिओ उघडला. शांत. मग बदलीचा भाव झाला, तो लवकर झाला.

“बोलो, उपर शुं जोईए?” दुकानदाराने खोक्यात हात घातला.

“काही नको.”

त्याने हात बाहेर काढला. “काका, तबियत तो सारी छे ने?”

सरावाला सचिवांनी मला पुन्हा त्याच गच्चीवर बसवलं. या वेळी सराव कामाच्या दिवशी आला, दुकान बायकोने सांभाळलं, आणि शेड चालू होती. रेडिओत तिची थोडी कुरकुर होती, पण निरोप येत राहिले. सातव्या तासाला बॅटरी खाली यायला लागली तेव्हा मी स्क्रीन बंद करून ठेवला आणि निरोप आल्याची खूण झाली तरच उघडला. दहावा निरोप औषधांच्या नावांचा होता, तोही अक्षर न अक्षर उतरला. आठ तास झाले तेव्हा डबा चालू होता.

सचिव गच्चीवर आले, नोंदवही पाहिली, डब्याला हात लावून गरम आहे का बघितलं. “यंदा काय बदललं?” त्यांनी विचारलं.

मी इन्व्हर्टरचं सांगितलं. शेडच्या सुट्टीचंही सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय इन्व्हर्टरचं कळलं नसतं.

“शेड बंद होती, मला माहीत होतं,” ते म्हणाले. “येताना कुलूप बघितलं होतं मी.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलू देत होता का?”

त्यांनी यादी काढली आणि खिशातल्या पेनाने लिंबायत आणि त्यासमोर माझं नाव लिहिलं. मी स्पेलिंग तपासलं, बरोबर होतं. अँटेना उतरवायला त्यांनी दोरी धरली, न सांगता. कुलूप बघूनही ते वर्षभर गप्प राहिले, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. त्या यादीची प्रत मात्र मी दुकानात, वजनकाट्याच्या वर चिकटवली आहे.