भाऊजींची छत्री आणि ठोकळा साळा

माणसाने चंद्रावर पाय ठेवला तेव्हा उभ्या जगाने तोंडात बोट घातलं. घातलं नाही ते एकाच माणसाने, आणि तो माझ्या ताईच्या नशिबात होता. "तो तर तयार केलेला माणूस गा," भाऊजी पेपर बाजूला टाकत म्हणाले. "शिकवून शिकवून पाठवलेला. तुले पाठवलं असतं अन् तू धड वापस आला असता, तर म्हटलं असतं, यान जमलं!"

भाऊजी इंजिनीयर होते. अमरावती रोडवर, वाडीची ट्रान्सपोर्टची गोदामं मागे टाकली की सैन्यासाठी काहीबाही बनवणारा एक कारखाना होता, तिथे. काय बनवता असं शेजाऱ्यांनी विचारलं की ते "डबे" म्हणत आणि विषय संपवत. आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही: चंद्राच्या त्या गोष्टीनंतर वीसेक वर्षांनी त्यांच्या हातात होती ती एक घडीची छत्री. जवानाने पाठीवर घेऊन पहाड चढायचा, वर जाऊन ती उघडायची आणि आभाळातल्या उपग्रहाकडून येणारा निरोप तिच्यात झेलायचा. छत्री कधीचीच तयार होती, पण कागदोपत्री अजून 'नमुना'च होती. कारखान्याच्या हॉलमध्ये, बनवणाऱ्यांच्याच हातांत ती कमळासारखी उमलायची. पहिल्या चाचणीत एका नवख्या जवानाने उघडली आणि ती तोंडावर आपटली. त्याने छत्रीचे तीन पाय जमिनीत रोवण्याआधीच काड्या पसरल्या होत्या. साहेब लोक म्हणाले, जवानाला शिकवा. भाऊजी म्हणाले, "त्याची चूक नाही. त्याले चूक करता आली, हे आपली चूक आहे." यावर फार वाद झाला. शेवटी एकच चाचणी मिळाली. ती हुकली तर छत्री कायमची गोदामात जाणार होती, आणि भाऊजी त्याच वर्षी रिटायर होणार होते.

आता नवख्याला जमेल तेव्हाच वस्तू तयार, हा नियम कारखान्यापुरता ठेवतील तर ते भाऊजी कसले! घरात आलेली कुठलीही वस्तू त्यांच्या लेखी आधी नमुना असे. ताईचा नवा कुकर आला, तर चाचणी म्हणून पहिलं वरण त्यात मला लावायला सांगितलं. ते वरण छताला लागलं आणि कुकर दुकानात परत गेला. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा मुलीच्या वडिलांनी मुलाबद्दल विचारलं, तर भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "दिसाले चांगला आहे. पण चाचणी बाकी आहे." लग्न झालं, पण ती बाकी असल्याचं आमची ही अजून ऐकवते.

तर अशा माणसाला शेवटच्या चाचणीसाठी एक खरोखरचा ठोकळा माणूस हवा होता, आणि तो सख्ख्या साळ्याच्या रूपात घरातच सापडला. गुपित कारखान्यातच राहिलं. गच्चीवर आली ती जुन्या छत्रीच्या काड्या, नवारीच्या पट्ट्या आणि तीन लोखंडी पाय जोडून केलेली तिची नक्कल. मे महिना, दुपारची वेळ. मला कानटोपी, लोकरीचे हातमोजे आणि त्यांचा लग्नातला कोट. हिमालयातला वारा म्हणून टेबलफॅन. बोटं बधिर व्हावीत म्हणून लकडगंजातून सायकलला बांधून आणलेली बर्फाची लादी. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या काकू ओरडल्या, "काहून वं, तुह्या भावाले काही झालं का?" ताई खालूनच म्हणाली, "त्याले नाही, आमच्या ह्यांना झालं!"

मी आधी काड्या पसरल्या. छत्री आपटली. भाऊजींनी मला मिठीच मारली. "पाह्य! तोच! चाचणीतला तोच पोरगा!" दुसऱ्या दिवशी त्यांनी अशी खिट्टी बसवली की तिन्ही पाय पक्के झाल्याशिवाय काड्या सुटेचनात. मग मी ती उलटी उभी केली. एकदा हातमोजाच खिट्टीत अडकवला. एकदा तर पट्ट्यांमध्ये स्वतःच असा गुंतलो की ताईने कात्री आणली. माझ्या प्रत्येक गाढवपणावर भाऊजी उड्या मारायचे, ताईला मला आंबरस वाढायला लावायचे आणि सकाळी कारखान्यात जाऊन खऱ्या छत्रीत तसा बदल करायचे. जन्मात माझं इतकं कौतुक कोणी केलं नव्हतं.

आणि एका दुपारी मी ती एका झटक्यात उघडली. चूक नाही, काही नाही. मी छाती काढून उभा. भाऊजींचा चेहरा मात्र पडला.

"शिकला का गा तू?"

"नाही हो भाऊजी! आपोआप झालं!"

"शिकला," ते पायरीवर बसत म्हणाले. "वाया गेला. आता तुह्यावरून काही समजणार नाही."

तेवढ्यात ताई आमच्याही गच्चीवर वाळत असलेल्या पापडांवर टाकायला धोतर घेऊन वर आली. त्या यंत्राला तिने आजवर हात लावला नव्हता. भाऊजींनी हातमोजे पुढे केले. "मले सैपाक आहे," ती म्हणाली, पण घातले. "हे काय, अन् ते काय, माणसाले दुसरे धंदे नाहीत..." असं बडबडत, आमच्याकडे न पाहता, तिने पाय रोवले, खिट्टी सारली, आणि छत्री उमलली. भाऊजींनी टेबलफॅन बंद केला. मग म्हणाले, "चाल, चहा कर वं."

चाचणीच्या दिवशी ते परतले आणि दारातच म्हणाले, "गेली."

ताईचा हात छातीवर गेला. "कुठं? गोदामात?"

"नाही वं. पलटणीत! अगदी कोवळा पोरगा होता. थरथरत होता. उघडली त्यानं!" आणि या सद्गृहस्थाने अंगणात ताईचा हात धरून चक्क फुगडी घातली.

पुढे छत्र्यांच्या पेट्या ट्रकवर चढल्या आणि गेल्या. भाऊजी रिटायर झाले. छत्री कुठल्या पहाडावर आहे हे त्यांना कोणी सांगितलं नाही. वापरात आली म्हटल्यावर ते गुपित त्यांच्यासाठीही गुपित झालं. संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसायचो. एकदा ते म्हणाले, "कोणी पोरगा आत्ता उघडून राहिला असन. बर्फात."

मी म्हणालो, "बिघडली असती तर तुम्हालाच बोलावलं असतं ना, भाऊजी."

"हो," ते म्हणाले. "कोणी आलं नाही, म्हणजे बरं चाललं असन."

तरी खाली फाटक वाजलं की सगळ्यांच्या आधी मान वर व्हायची ती त्यांचीच.