सगळ्यांना वाढलेली चाल

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. अंधाराची मला भीती नाही. घर जंगलाकाठच्या हिंगणीचं, त्यामुळे वाघाच्या गोष्टी चहाबरोबर ऐकतच मोठी झाले. मला भीती वाटते ती माणसं नाराज होण्याची. कोणी जरा कपाळाला आठी घातली की माझं काय चुकलं ते मी शोधायला लागते.

बाबा शेती करतात आणि गावच्या भजन मंडळात खंजिरी वाजवतात. त्यांनी स्वतः बांधलेली एक चाल आहे, एकच. मी लहान असताना भजन स्पर्धेत त्यांनी ती म्हटली आणि मांडवात बसलेले परीक्षक हसले. काऊन हसले, हे बाबांना आजवर कळलेलं नाही. त्या दिवसापासून ती चाल घराबाहेर गेली नाही. बाबा ओलित करताना, मोटर चालू झाल्यावर, पाण्याच्या आवाजात म्हणायचे, तेवढीच.

वर्ध्याला कॉलेजात आल्यावर मी नालवाडीत खोली घेतली आणि एका सरांच्या वाद्यवृंदात की-बोर्ड वाजवायला लागले. दर रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम. व्हायोलिनवर एक डॉक्टर मॅडम, बासरीवर शाळेतली एक पोरगी, क्लॅरिनेटवर बँकेतून रिटायर झालेले काका, ट्रम्पेटवर लग्नाच्या बँडमधले दोघं, आणि चेलो वाजवणारी एक मुलगी तर एवढी मोठी पेटी घेऊन नागपूरहून बसनं यायची. सर म्हणाले, यंदाच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी एक रचना सगळ्या वाद्यांसाठी बसवावी. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मी बसवते. आ बैल मुझे मार, दुसरं काय!

बाबांकडे चाल मागितली तेव्हा ते बराच वेळ खंजिरीचं कातडं उन्हात धरून बसले. मग म्हणाले, "नेजो. पन माह्या चालीवर पुन्हा कोनी हसलं नाई पायजे."

झालं. त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

आमच्याकडे पंगतीचा एक नियम आहे. कोणाचं पान रिकामं दिसलं नाही पाहिजे. पाहुण्यानं नको नको म्हटलं तरी वाढायचं, नाहीतर तो घरी जाऊन वर्षभर बोलणार. मी लॅपटॉपवर स्वरलेखन करायला बसले आणि नेमकं हेच केलं, फक्त तेव्हा ते कळलं नाही. क्लॅरिनेटवाले काका रागीट, त्यांना वाईट वाटायला नको, म्हणून त्यांना दोन ओळी जास्त. ट्रम्पेटवाले सीझनची सुपारी सोडून येतात, त्यांना गप्प कसं बसवायचं? नागपूरची पोरगी एवढं ओझं वाहून आणते, तिला तर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायला दिलं. कोणी क्षणभर रिकामं राहिलं की मी धावत जाऊन त्याच्या पानात काहीतरी टाकायची. इअरफोन लावून ऐकलं की मला चाल स्पष्ट ऐकू यायची, कारण ती माझ्या डोक्यात आधीच वाजत होती.

सरांना फाइल पाठवली आणि लिहिलं, कृपया अभिप्राय द्यावा. दोन निळ्या खुणा उमटल्या. मग काहीच नाही. मी जेवता जेवता फोन बघायची, आंघोळीला जाताना खिडकीत ठेवायची. एकदा मैत्रिणीनं सहज विचारलं, काय म्हणाले सर, तर मी तिच्यावरच खेकसले. शेवटी उत्तर आलं, 'रविवारी वाजवू.' बस, एवढंच. चांगलं की वाईट, काही पत्ता नाही. त्यात बाबांचा फोन, "मी येतो आयकाले." नका येऊ म्हणायची हिंमत नव्हती. येऊ नका म्हटलं तर तेही नाराज होतील ना!

रविवारी बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले आणि दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकले. मी की-बोर्डवर नव्हते, सरांनी मला बाजूला उभं केलं होतं. सरांनी हात उचलला आणि माझी रचना सुरू झाली. काय सांगू! सगळेच्या सगळे वाजवत होते. यात्रेत पाच दुकानांवर पाच भोंगे लागावेत तसं. मी चाल शोधत होते आणि मलाच ती सापडेना. मी एकेकाच्या ओठांकडे बघत होते, आता हसतील, आता हसतील म्हणून. कोणी हसलं नाही. हसायला चाल ऐकू तर यायला हवी होती.

वाजवणं संपलं. तेवढ्यात दाराजवळ बाबा अगदी अदबीनं उठून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "सर, आमच्या पोरीचं कव्हा आहे?"

मला वाटलं, जमीन दुभंगावी. एका ट्रम्पेटवाल्यानं मान खाली घातली. सरांनी बाबांना सांगितलं, आता आहे, बसा. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "अभिप्राय पाहिजे होता ना तुला? मिळाला." आणि वाद्यवृंदाला ताल दाखवायची काडी माझ्या हातात दिली. ज्याला थांबवायचं त्याला तूच थांबव, मी नाही सांगणार, असं म्हणून ते चक्क भिंतीला टेकले.

भरल्या पंगतीत पाहुण्याच्या पुढचं पान उचलायचं! पहिल्यांदा डॉक्टर मॅडमना म्हटलं, पहिल्या दोन ओळी तुम्ही थांबाल का? त्यांनी सुटल्यासारखं व्हायोलिन मांडीवर घेतलं. ट्रम्पेटवाल्यांना शेवटच्या ओळीपर्यंत थांबवलं, ते पाणी प्यायला गेले. नागपूरच्या पोरीला एकच खालचा सूर धरून ठेवायला सांगितला. राहिले क्लॅरिनेटवाले काका.

"काऊन? चुकलो का मी?"

"नाही काका. माझंच चुकलं."

काकांनी क्लॅरिनेट खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघणं सोडलं. अजूनही माझ्याशी मोजकंच बोलतात. त्यांची नाराजी मी पोटात घेऊन फिरते, पण मेले नाही त्यानं.

मग बासरीला एकटीला सोडलं. मंडळात बाबा एकटे ओळ म्हणतात आणि मागचे ती उचलतात, तशीच बाकीच्यांनी दुसऱ्यांदा उचलली. चाल निघाली. आणि आता खरी भीती सुरू झाली, कारण आता ती सगळ्यांना ऐकू येत होती. आता हसता आलं असतं. माझी पाठ बाबांकडे होती. तिसऱ्या ओळीला मागून टकटक आली. प्लास्टिकच्या खुर्चीवर बोटं, अगदी खंजिरीची. मी मागं वळून पाहिलं नाही. वळले आणि बोटं थांबली तर?

कोणीही हसलं नाही.

संध्याकाळी बाबांना गाडीत बसवायला स्टँडवर गेले. गाडी सुटायला वेळ होता, म्हणून मीही आत चढले. शेवटी मीच भीत भीत विचारलं, कशी वाटली?

"दुसऱ्या खेपेले वाजवली ते माही होती," बाबा म्हणाले. "पहिली कोनाची होती?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. थाप मारता आली असती. म्हटलं, "माझी होती, बाबा."



"लय लोकं बोलावले होते तुनं जेवाले," ते म्हणाले, आणि खिडकीकडे सरकून मला बसायला जागा करून दिली.