ट्रूडेची कॉफी

सुनेत्राला हे माहीत नाही. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, माझ्या दाढेपासून गुडघ्यापर्यंतच्या सगळ्या तक्रारी बायकोला पाठ आहेत — पण हे नाही. आईलाही कधी बोललो नाही, आणि ती गेली. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून असेल.

मागच्या आठवड्यात माझी मुलगी इरा फोन घेऊन माझ्यासमोर बसली. बारावीला तिला मॉडर्न हिस्टरी आहे आणि त्यात जर्मनी — युद्ध, हुकूमशाही, मग देशाचे दोन तुकडे. "बाबा, यू वेअर लिटरली देअर," ती म्हणाली. "जस्ट बोल ना. मी रेकॉर्ड करते." होतोच मी तिथे. पुण्यात कॉलेजच्या जोडीला हौसेने जर्मन शिकलो होतो, पूर्व जर्मनीची स्कॉलरशिप मिळाली, आणि भिंत पडायच्या आधीचा काळ मी पूर्व बर्लिनमध्ये धातुशास्त्र शिकण्यात घालवला. त्याच शिक्षणाच्या जोरावर पुढे इथे ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला आलो, पोलादाच्या कारखान्यात लागलो.

तर मी बोललो. कोळशाच्या धुराचा वास, केळ्यांसाठीच्या रांगा, भिंतीजवळच्या रस्त्यांवर आपोआप हळू होणारी लोकांची चाल. "एनी नॉर्मल पीपल?" तिने विचारलं. मी म्हणालो, आमच्या होस्टेलच्या दारावर फ्राउ क्रूगर नावाच्या बाई असायच्या, त्यांना प्लमचा जॅम छान जमायचा. "क्यूट," म्हणून इराने रेकॉर्डिंग बंद केलं.

जॅम छान जमायचा — एवढंच सांगितलं मी.

फ्राउ क्रूगर काउंटरमागे बसायच्या आणि आमच्या खोल्यांच्या किल्ल्या सांभाळायच्या. पन्नाशी उलटलेली, जाड भिंगांचा चष्मा, आवाज असा की मुलं जिन्यात धावायची थांबत. माझ्याशी मात्र बरं जमलं. मी त्यांना चहा करून द्यायचो, त्या माझं जर्मन सुधारायच्या. युद्धात बॉम्ब पडत होते तेव्हा त्या शाळकरी होत्या. थोरली बहीण ट्रूडे त्यांना तळघरात मांडीवर घेऊन बसायची आणि कान झाकून धरायची. पुढे भिंत उभी राहायच्या जरा आधी ट्रूडे पश्चिम बर्लिनला निघून गेली. आजारी आई धाकटीच्या गळ्यात पडली. आई गेली तेव्हा फ्राउ क्रूगरनी बहिणीला कळवलं — आता येऊ नकोस, कधीच येऊ नकोस. आणि ट्रूडेने ते ऐकलं.

मधे सगळं आयुष्य गेलं. दोघी एकाच शहरात. पत्रं टाकावीत तर ती फोडून वाचली जात, आणि परदेशी मुलांच्या होस्टेलात काम करणाऱ्या बाईचे पलीकडे नातेवाईक असणं वरच्यांना खपत नसे. स्वतः जायचं तर पेन्शन लागेपर्यंत थांबायला हवं होतं, म्हाताऱ्यांनाच तेवढं पलीकडे सोडत. मी मात्र जाऊ शकत होतो! माझ्याकडे भारताचा पासपोर्ट होता. आम्ही भारतीय मुलं अधूनमधून पश्चिम बर्लिनला बाजारहाटाला जाऊन यायचो. हे त्यांना ठाऊक होतं.

एका शरद ऋतूत त्यांनी माझ्या हातात जॅमची बरणी ठेवली. आईच्या पद्धतीचा जॅम. "काही बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "नुसती बरणी दे. ती ओळखेल." पत्ता माझ्याकडून तीनदा म्हणून घेतला.

सरहद्दीच्या नाक्यावरच्या शिपायाने बरणी उघडली, हुंगली. कुणासाठी, म्हणाला. माझ्यासाठी, मी म्हणालो. बस, एवढंच झालं. कुणी दमदाटी केली नाही, कुणी पाठलाग केला नाही. पण पलीकडे पोचल्यावर मला भीती वाटायला लागली. स्कॉलरशिप गेली तर? घरी परत पाठवलं तर? ट्रूडेच्या भागात जाणारी बस समोर येऊन थांबली. दार उघडलं, मिटलं, बस गेली. मी पाव विकत घेतला, बाकावर बसलो आणि तो जॅम खाल्ला. थंडी होती, भूक लागली होती, चांगला लागला.

बरणी सार्वजनिक नळावर धुतली. आणि मग — हे नीट सांगायला हवं — मला ती रिकामी परत न्यायला लाज वाटली. जॅम खाल्ल्याची नाही, रिकाम्या बरणीची. आमच्या घरी कुणाचंही भांडं रिकामं परत जात नसे. शेजारणीने वाटीभर आमटी दिली की वाटीत निदान साखर घालून आई ती परत पाठवायची. इथेसुद्धा शेजारचा म्हातारा ब्रायन आमचा डबा लख्ख घासून, रिकामा आणून देतो, "टा, मेट" म्हणून आभार मानतो, आणि सुनेत्रा दार लावून हळूच म्हणते, "नुसताच?" ते अंगात मुरलेलं असतं. मी बरणीभर कॉफी घेतली. आमच्या पूर्वेकडच्या बाजूला धड कॉफी मिळत नसे. मनात इतकंच होतं की बाईंना बरं वाटेल, आणि मग सांगू की जमलं नाही.

फ्राउ क्रूगरनी काउंटरवर झाकण उघडलं. वास घेतला. चष्मा काढून बाजूला ठेवला. "ट्रूडेने पाठवली," त्या म्हणाल्या. त्यांनी विचारलं नव्हतं, नुसतं म्हटलं होतं.

मी हो म्हणालो.

त्या रडल्या. माझा हात धरून रडल्या. आणि मला — आता लपवून काय करू — मला छान वाटलं. इतक्या दूर, त्या करड्या शहरात, कुणीतरी माझा हात धरून मला देवमाणूस म्हणत होतं. असं छान वाटणं सोडवतं का हो?

पुढच्या खेपेला पुन्हा बरणी आली. नाक्यावर कुणी काही विचारलं नाही. म्हणजे दुसऱ्या खेपेला भीती नव्हती. दुसऱ्या खेपेला मला धाकट्या भावासाठी टू-इन-वन टेपरेकॉर्डर घ्यायचा होता, दुकानं लवकर बंद होत, आणि ट्रूडेचं घर आडबाजूला होतं. मी पुन्हा पाव घेतला, पुन्हा बरणी धुतली, कॉफी भरली. कॉफीसोबत आता निरोपही लागायला लागले. ते मी माझ्या मावशीकडून उचलले. मावशी कशी बोलायची, कशी कुरकुरत माया करायची, ते जर्मनमध्ये सांगायचं, झालं. ट्रूडेचे गुडघे दुखतात. ट्रूडे म्हणते, तू वाळली असशील, तुला लहानपणापासून खायचा आळस. फ्राउ क्रूगर हसायच्या. रविवारी मला केक मिळायचा. मी तो खायचो.

हिवाळा गेला, वसंत गेला. उन्हाळ्यातल्या बरणीनंतर मी निरोप दिला, की ट्रूडे म्हणाली — यंदा जॅम गोड झालाय, आईचा आंबट असायचा. आईचा आंबट असायचा हे मला फ्राउ क्रूगरनीच कधीतरी सांगितलं होतं. त्या विसरल्या होत्या. मी नव्हतो विसरलो.

आणि मग भिंत उघडली. इराच्या पुस्तकात त्या रात्रीचा फोटो आहे, भिंतीवर चढलेली माणसं. मी तेव्हा पांघरूण घेऊन पडलो होतो. सगळं शहर नाचत होतं.

दोन दिवसांनी फ्राउ क्रूगर चांगला कोट घालून माझ्या दाराशी आल्या. हातात बरणी. "चल," म्हणाल्या. मला ताप आहे असं म्हणता आलं असतं. खरं सांगता आलं असतं. मी बूट घातले.

बसमधून उतरल्यावर त्यांनी मला पुढे केलं. "तू हो पुढे. तुला रस्ता पाठ असेल."

मी चालायला लागलो. पहिल्या कोपऱ्यावर उजवीकडे वळलो, कारण उजवीकडे वळणं जरा खात्रीचं दिसलं. ते एक मैदान निघालं. परत फिरलो. मग रस्त्यांच्या पाट्या वाचायला लागलो, मान वर करून, नवख्या माणसासारखा. मागे त्यांच्या टाचांचा आवाज येत होता. तो हळू झाला. मग थांबला. मी वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने त्या माझ्या शेजारून पुढे गेल्या आणि एका पोस्टमनला त्यांनी स्वतः पत्ता विचारला.

घर सापडलं. दारावर दुसरंच नाव होतं. खालच्या मजल्यावरच्या बाई बाहेर आल्या. ट्रूडे यंदाच्या वसंतात वारली, म्हणाल्या. गेला सगळा हिवाळा अंथरुणात होती. कुणी येत नसे. एक बहीण आहे म्हणायची, पण तिला मी नकोय.

म्हणजे पहिली बरणी मी दारात नुसती ठेवली असती — तरी ती ट्रूडेला मिळाली असती. दुसरीही. हे गणित मी तिथेच उभ्या उभ्या केलं. फ्राउ क्रूगरही तेच करत असाव्यात. त्यांनी बाईंचे आभार मानले, बरणी पिशवीत ठेवली.

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. त्यांनी विचारलं, "उन्हाळ्यात ती काय म्हणाली होती? परत सांग."

तिथे बोलायला हवं होतं. त्यांनी मला जागा करून दिली होती. मला वाईटही वाटत नव्हतं, काहीच वाटत नव्हतं, हात मांडीवर ठेवून मी त्या हातांकडे बघत होतो. आणि मी सांगितलं — ट्रूडे म्हणाली, यंदा जॅम गोड झालाय, आईचा आंबट असायचा.

फ्राउ क्रूगर खिडकीबाहेर बघत होत्या. "हो," त्या म्हणाल्या. "आईचा आंबट असायचा."

होस्टेलवर आल्यावर त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, काउंटरमागे गेल्या आणि माझ्या खोलीची किल्ली काढून समोर ठेवली. मी ती घेतली आणि वर गेलो.