बुडणाऱ्या गावातली एकवीस नावे

नगरहून निघताना माझ्याजवळ दोन वस्तू होत्या: खांद्याला अडकवलेली पिशवी आणि सागवानी फळ्यांची दीड हात लांबीची पेटी. पेटी आमच्याच मंडळीतल्या सुताराने करून दिली होती. कशासाठी, ते त्याला ठाऊक होते. त्याने मजुरी घेतली नाही, आणि झाकण लावून दाखवताना माझ्याकडे पाहिलेही नाही.

पाच वर्षांपूर्वी मी तापीकाठच्या हिंगवाड्याला ख्रिस्ती मंडळीच्या शाळेत मास्तर होतो. तिथेच आमची रूथ गेली. चार वर्षांची होती. भर पावसाळ्यात तिला ताप चढला, नदीने रस्ते अडवले, आणि डॉक्टर पोहोचलाच नाही. त्यानंतर आम्ही नगरला परतलो. मी शाळेत जात होतो, रविवारी उपासनेला बसत होतो, पण प्रार्थनेच्या वेळी माझे ओठ नुसते हलत. माझी बायको मार्था निदान तेवढेही खोटे करत नसे. ती डोळे उघडे ठेवून समोर बघत बसे.

त्या उन्हाळ्यात मंडळीच्या कचेरीचे पत्र आले. खाली धरण होत होते. हिंगवाडे पाण्याखाली जाणार होते आणि गाव वर माळावर हलवले गेले होते. ज्यांना आपली माणसे कबरस्तानातून काढून न्यायची असतील त्यांनी पावसाच्या आत न्यावीत, असे त्यात लिहिले होते. मार्थाने पत्र दोनदा वाचले आणि म्हणाली, "तिला घेऊन या." एवढेच. म्हणून पेटी.

जळगावला एका जुन्या स्नेह्याकडे मुक्काम केला. त्यांच्या घरी भरताचा बेत होता. काड्यांवर भाजलेले हिरवे वांगे, त्यात कुटलेली मिरची आणि सोबत कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली). असे जेवण मी नगरला पाच वर्षांत जेवलो नव्हतो. वहिनींनी पेटीकडे पाहून विचारले, "भाऊ, पुस्तकं का?" मी हो म्हणालो.

सकाळी नंदुरबारकडे जाणारी पॅसेंजर धरली. अमळनेरला डबा भरला. एक बाई झोपाळलेल्या मुलीला कडेवर घेऊन चढली. जागा नव्हती. तिने इकडेतिकडे पाहिले आणि मुलीला अलगद माझ्या पेटीवर बसवले.

"बसू दे ना हो भाऊ? मोडणार नाही ना?"

मला नाही म्हणता आले नाही. मुलगी पेटीवर बसली, मग कलंडून माझ्या गुडघ्याला टेकून झोपली. दोंडाईचा येईपर्यंत मी पाय हलवला नाही. बाहेर काळी रिकामी शेते उन्हात तडकून पडली होती. त्या पोरीच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. उतरताना बाईने तिला उचलले, आणि पेटीच्या झाकणावर तिच्या घामाचा ओला ठसा दिसला. तो वाळेपर्यंत मी त्याच्याकडे पाहत होतो.

नंदुरबारला एका मारवाडी शेठजींच्या दुकानातून दोन वार मांजरपाट घेतले. गिऱ्हाईक नव्हते म्हणून ते बोलायला लागले. कुठे निघालात म्हणाले. मी हिंगवाडे सांगितल्यावर त्यांचा कापडावर फिरणारा हात थांबला.

"तिथं कोण राहिलं आता? दारं, कौलं, वासे, सगळं लोक काढून घेऊन गेले." मग पांढरे कापड घडी करत त्यांनी हळूच विचारले, "घरचं कोणी आहे तिथं?"

"मुलगी."

त्यांनी कापड कागदात बांधून दोन्ही हातांनी माझ्या हातात दिले.

रात्र नंदुरबारच्या धर्मशाळेत काढली. सकाळी पुढे एस.टी.ने तासभर आणि मग बैलगाडीने. गाडीवान गुजर शेतकरी होता, पन्नाशीचा, बोलका. कापसावर बोलला, धरणावर बोलला, जावयावर बोलला. गावाअलीकडच्या ओढ्यापाशी मात्र त्याने बैल थांबवले.

"भाऊ, आते पुढे गाडी जावाव नही." (आता पुढे गाडी जाणार नाही.)

"का? रस्ता तर दिसतोय."

"तठे माणूस नही शे. पन दुपारले घंटा वाजस." (तिथे माणूस नाही. पण दुपारी घंटा वाजते.)

मी हसण्याचा प्रयत्न केला. तो हसला नाही. त्याने पेटी उतरवून दिली, भाडे घेतले आणि बैल वळवले. गाडीचा आवाज विरेपर्यंत मी ओढ्याच्या कोरड्या वाळूत उभा होतो. वाळू इतकी तापली होती की चपलेतून पाय भाजत होते. त्यातच एका चपलेचा अंगठा तुटला. चपला पिशवीत टाकल्या, पेटी डोक्यावर घेतली आणि अनवाणीच निघालो.

हिंगवाडे माझ्या ओळखीचे होते, म्हणूनच ते जास्त भयाण वाटले. भिंती होत्या, पण वर आभाळ. घराघरातल्या कोनाड्यांत दिव्याची काजळी तशीच होती. एका भिंतीवर लग्नातल्या हळदीच्या हाताचे ठसे होते. दाराच्या जागी नुसत्या पोकळ्या, आणि त्या प्रत्येक पोकळीसमोर एकेक कुत्रा बसलेला. हाडे वर आलेली, तोंडे रस्त्याकडे. मी जवळून गेलो तरी एकही भुंकला नाही. प्रत्येक जण आपापल्या उंबऱ्याची जागा राखून होता, आणि माझ्याकडे असे पाहत होता की जणू मी त्यांचा माणूस नाही एवढे कळल्यावर त्यांना पुढे काही जाणून घ्यायचे नव्हते.

शाळेचीही तीच गत. फळा होता तिथे भिंतीवर एक फिका चौकोन उरला होता. मी नकळत त्याच्यासमोर उभा राहिलो, मास्तर उभा राहतो तसा, आणि मागे वळून पाहायची मला भीती वाटली.

तेवढ्यात जमिनीवर पावले दिसली. पांढरी, माणसाच्या अनवाणी पायांची, पाचही बोटे स्पष्ट. ती शाळेच्या कोपऱ्यावरून निघून आमच्या देवळाच्या (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) दिशेने गेली होती. मी वाकून बोट लावले. चुना होता, ओला.

आणि घंटा वाजली.

मला पळता आले नाही, कारण पेटी डोक्यावर होती. एवढेच कारण. घंटा थांबत थांबत वाजत होती, बारा वाजता वाजायची तशीच. मी मोठ्याने प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो. पाच वर्षांत पहिल्यांदा तोंडातून आवाज निघाला, आणि तो भीतीने निघाला, हे मी लपवत नाही.

देवळाचेही छप्पर गेले होते. अंगणातल्या दोन लाकडी खांबांमधली घंटा तेवढी जागेवर होती, आणि तिची दोरी धरून एक म्हातारा उभा होता. पोटऱ्यांपर्यंत चुन्याने माखलेला.

"कोन शे?" तो ओरडला.

"मी मास्तर. शिमोनबाबा?"

"मास्तर! तुम्ही उनात!" (तुम्ही आलात!) त्याने दोरी सोडली आणि माझे दोन्ही हात धरले. "सलाम, मास्तर. मी समजनू, भूत शे."

शिमोनबाबा आमच्या मंडळीचा सेवक. झाडलोट, घंटा आणि कबरस्तान त्याच्याकडे असायचे. सत्तरी ओलांडलेला. बायको हन्ना माझ्यासमोरच वारली होती. आता तो मुलाकडे माळावरच्या नव्या गावात राहत होता आणि रोज सकाळी दोन कोस उतरून खाली येत होता.

"कशासाठी, बाबा?"

"घंटा कोन वाजाडी? कबरी कोन रंगाडी?" (कबरी कोण रंगवील?)

आम्ही देवळाच्या भिंतीच्या सावलीत बसलो. त्याने फडक्यातली दादरची (इकडच्या ज्वारीची) भाकरी अर्धी करून मला दिली, कांदा फोडला. मग माझी नजर पेटीकडे गेली, आणि त्याचीही. मी का आलो ते सांगितले. तो ऐकून घेऊन उठला आणि भिंतीशी ठेवलेले कुदळ-फावडे घेऊन आला. आम्ही नदीकडे निघालो.

एकवीस पांढरे क्रूस एका ओळीत उभे होते. ताज्या चुन्याचे, डोळे दिपवणारे. आजूबाजूला पडके गाव, पुढे वाळलेली नदी, आणि मध्ये एवढी एकच जागा कोणीतरी रोज पुसल्यासारखी. रूथचा क्रूस तिसरा होता. नाव कोळशाने लिहिलेले, माझ्याच जुन्या वळणाचे कोणीतरी गिरवलेले.

मी कुदळ उचलली. पहिला घाव घातला, दुसरा घातला. तिसऱ्याला बाबाने दांडा धरला.

"थांबा, मास्तर. मना तोंडमा खोटं येवाव नही." (माझ्या तोंडून खोटे निघणार नाही.) "रूथनी कबर अठे नही शे." (रूथची कबर इथे नाही.)

मला कळलेच नाही. मी क्रूसाकडे बोट दाखवले.

मग त्याने सांगितले. दोन पावसाळ्यांपूर्वी तापीला मोठा पूर आला आणि काठ कापला गेला. कबरस्तानाची नदीकडची रांग दरडीसकट गेली. सात कबरी. रूथची त्यातच होती. पाणी उतरल्यावर त्याला दोन मोडके क्रूस सापडले, त्यांतला एक रूथचा, ज्यावरची माझी अक्षरे तो अजून गिरवत असे; बाकीचे त्याने बाभळीचे नवे केले आणि उरलेल्यांच्या शेजारी रोवले.

"म्हणजे इथं खाली काही नाही?"

"माती शे."

मी काय काय बोललो ते सगळे लिहीत नाही. तू आम्हाला फसवलंस, असे म्हणालो. माझी बायको तिकडे वाट पाहते आहे, मी रिकामी पेटी घेऊन तिच्यासमोर कसा जाऊ, असे म्हणालो. रिकाम्या मातीला चुना फासणारा वेडा, असेही म्हणालो. तो मान खाली घालून ऐकत होता. माझा श्वास संपल्यावर म्हणाला, "मनी हन्नाबी त्याच रांगमा व्हती."

तिचा क्रूस रूथच्या शेजारीच होता. त्याच्याही खाली मातीच होती, आणि तोही त्याने आज सकाळीच रंगवला होता.

"मग हे रोज कशाला, बाबा? महिन्याभरात पाणी चढेल. हेही जाईल."

तो खाली बसला. बोटावरचा चुना धोतराला पुसत म्हणाला, "मास्तर, प्रभू काय तिले मातीमा चाचपडत बसी? तो नाव लिसन हाक मारी." (तो नाव घेऊन हाक मारील.) "तो दिस येस तवलोंग नाव आपीन जपानं. माले लिहिता येत नही. मी रोज म्हणस." (तो दिवस येईपर्यंत नाव आपण जपायचे. मला लिहिता येत नाही. मी रोज म्हणतो.)

आणि त्याने म्हणून दाखवले. एकवीस नावे, एका टोकापासून. हन्नाचे नाव इतर नावांसारखेच घेतले. रूथच्या नावापाशी माझ्याकडे पाहिले आणि थांबला. ते मी म्हणालो. पाच वर्षांत ते नाव मी मोठ्याने उच्चारले नव्हते. दरडीखालून गरम वारा आला, चुन्याची पूड उडाली, आणि क्षणभर ते सगळे क्रूस धुरात उभे राहिल्यासारखे दिसले. मला भीती वाटली, पण या वेळी पळावेसे वाटले नाही.

पिशवीतल्या वहीत मी एकवीसही नावे लिहून घेतली. बाबा सांगत होता आणि प्रत्येकाची एकेक ओळखही सांगत होता: हा ढोल वाजवायचा, ही बाळंतपणे करायची, याने पहिली विहीर खणली. रूथच्या पुढे त्याने सांगितले, "घंटा वाजनी का पयत ये." (घंटा वाजली की पळत यायची.) ते मी विसरलो होतो.

दुपार कलल्यावर आम्ही घंटा उतरवली. वर नव्या गावात अजून देऊळ नव्हते, पण एक कडुलिंब होता, त्याला बांधता येईल असे बाबा म्हणाला. मांजरपाटात गुंडाळून घंटा पेटीत ठेवली. बेताचीच बसली. पेटीला दोरी बांधून एका वाशावर आम्ही दोघांनी ती खांद्यावर घेतली. कितीही गुंडाळली तरी पावलागणिक आतून, तोंडात बोळा कोंबल्यासारखा, ठण ठण आवाज येत राहिला. गल्लीतून जाताना मी मागे पाहिले. एक कुत्रा उठला होता. मग दुसरा. ओढा ओलांडेपर्यंत सगळी रांग आमच्या मागे चालत होती, न भुंकता, आवाजाच्या मागोमाग. वर पोहोचल्यावर घराघरातून माणसे बाहेर आली, कुत्र्यांना नावांनी हाका मारू लागली, आणि दिवसभरात पहिल्यांदा मला भुंकणे ऐकू आले.

त्यानंतर चौथ्या दिवशी नगरला घरी पोहोचलो. मार्था दारात होती. माझे रिकामे हात तिने पाहिले. मी तिला सगळे खरे सांगितले, काहीही न वगळता, माझी भीतीसुद्धा. ती सुपात तांदूळ निवडत होती. सांगून झाल्यावरही कितीतरी वेळ तिचे हात चालत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होते, ते ती पुसत नव्हती. मी वही तिच्यापुढे ठेवली. तिने पहिल्या पानावरून बोट फिरवत नेले आणि पानाच्या शेवटाला थांबवले.

"बाबांचं वय किती म्हणालात?"

"सत्तरच्या वर."

"मग त्यांच्यानंतर ही नावं कोण म्हणणार?"

या प्रवासाबद्दल लोक मला विचारतात तेव्हा मी नीट उत्तर देऊ शकत नाही. मी मुलीला आणायला गेलो होतो आणि तिला आणले नाही. तिथे मला कुठलाही प्रकाश दिसला नाही. उन्हात चुना फासणारा एक माणूस दिसला, ज्याला आपल्या माणसांना पुन्हा भेटण्याची एवढी खात्री होती की मधल्या दिवसांत काय करायचे हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मंडळीच्या कचेरीसाठी बदलीचा अर्ज लिहायला बसलो. कारण काय द्यावे ते सुचेना. दोन कागद फाडले. मार्था मागून आली, खांद्यावरून वाचले आणि म्हणाली, "एवढं लांबण कशाला? लिहा, नव्या गावात पोरं आहेत आणि शाळा नाही."

तेच लिहिले.